फॉन्ट टाकून चिनी फाईल का सुधारत नाही

नमस्कार. तुमचं म्हणणं असं की चिनी फाईलमधला मजकूर विचित्र दिसला तर चिनी फॉन्ट टाकला की काम भागतं, नाहीच भागलं तर नोटपॅड प्लस प्लस या मजकूर-संपादकात ‘कन्व्हर्ट टू यूटीएफ-८’ (आजचा सर्वभाषिक अक्षर-तक्ता) दाबायचं. त्यासाठी एवढं पाल्हाळ कशाला? पाल्हाळ मान्य. पण तुमच्या दुसऱ्या उपायाने धडधाकट फाईल बिघडते, आणि तुमची बिघडलीच आहे.

फॉन्टचा उपाय आपल्याला चटकन सुचतो, कारण शिवाजी, श्रीलिपीच्या काळात तो लागू पडायचा. रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत; फॉन्ट मिळाला की मजकूर दिसे. चिनी फाईलमध्ये चौकोनी डबे दिसत असतील तरच फॉन्टचा दोष. डोक्यावर टिंबं-टोप्या असलेली रोमन अक्षरं दिसली, तर बाइट (फाईलमध्ये साठवलेले आकडे) शाबूत आहेत, वाचण्याचा तक्ता, म्हणजे कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर हे सांगणारं एन्कोडिंग, चुकलाय. काळ्या चौकटीतली प्रश्नचिन्हं दिसली तर सेव्ह करू नका. डिस्कवरची मूळ फाईल अजून ठीक असू शकते. सेव्ह केलीत की त्या जागचे बाइट कायमचे गेले.

आता तुमची फाईल. सबटायटलची ४० केबीची फाईल ‘कन्व्हर्ट’नंतर ६२ केबी झाली, असं तुम्हीच लिहिलंय. जीबी२३१२ या चीनच्या जुन्या तक्त्यात चिनी अक्षराला २ बाइट लागतात, यूटीएफ-८मध्ये सहसा ३. म्हणजे नीट रूपांतर झालं तर चिनी भाग दीडपट होतो. २२ केबी वाढायला मुळात ४४ केबी चिनी मजकूर हवा, आणि अख्खी फाईलच ४०ची! चुकीच्या वाचनात मात्र चिनी भागातला प्रत्येक बाइट एक टोपीवालं रोमन अक्षर ठरतो आणि यूटीएफ-८मध्ये त्याचे २ होतात. २२ केबी चिनीचे ४४ झाले, १८ केबी वेळेचे आकडे तसेच राहिले, एकूण ६२. हिशोब चोख जुळतो.

मेन्यूतली गोम अशी: ‘एन्कोडिंग’मधल्या ‘कॅरेक्टर सेट्स’ खालचा पर्याय म्हणजे ‘हे बाइट या तक्त्याने वाच’. ‘कन्व्हर्ट’ म्हणजे ‘पडद्यावर दिसतंय ते नव्याने लिही’. आधी वाचन सुधारायचं, मगच कन्व्हर्ट. व्हीएस कोड या दुसऱ्या संपादकातही आधी ‘रीओपन विथ एन्कोडिंग’, मग ‘सेव्ह विथ एन्कोडिंग’.

तुमची फाईल परत आणता येईल. प्रत काढा. ‘कन्व्हर्ट टू एएनएसआय’ करून सेव्ह करा (एएनएसआय म्हणजे विंडोजचा जुना तक्ता, अर्थात कोडपेज; तो १२५२ क्रमांकाचा हवा, इंग्रजी-भारत मांडणीत तोच असतो). फाईल पुन्हा ४० केबी झाली पाहिजे. मग कॅरेक्टर सेट्स, चायनीज, जीबी२३१२ निवडा. अक्षरं नीट आली की यूटीएफ-८मध्ये कन्व्हर्ट करा.

‘नीट आली’ हे चिनी न येणाऱ्याने कसं ओळखायचं? हा प्रश्न खरा अवघड, कारण तैवानच्या बिग५ तक्त्यातली फाईल जीबीच्या तक्त्याने वाचली तरी चिनी अक्षरंच दिसतात, फक्त अर्थहीन. अशा वेळी मूळ फाईल हेक्स एडिटरमध्ये (बाइट जसेच्या तसे दाखवणारं साधन) उघडा आणि चिनीतलं सर्वांत जास्त येणारं, ‘चा-ची-चे’सारखं काम करणारं अक्षर त्याच्या बाइटांवरून शोधा. बी५ सी४ ही जोडी वारंवार आली तर जीबी, एए बीए आली तर बिग५, ई७ ९ए ८४ आली तर फाईल आधीच यूटीएफ-८. संवादांच्या फाईलला ही खूण चालते. दरपत्रकात ते अक्षर क्वचित येतं.

एक्सेलमध्ये सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली मजकूर फाईल) उघडताना डबल क्लिक नको. ‘डेटा’मधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या आणि ‘फाईल ओरिजिन’ला तक्त्याचा क्रमांक म्हणून जीबीसाठी ९३६, बिग५साठी ९५०, यूटीएफ-८साठी ६५००१ द्या.