लसीच्या बाजूचा तो फॉरवर्ड, आणि तो का चुकतोय

तुमच्याकडेही आला असेल. माझ्याकडे दोन आठवड्यांत चार ग्रुपवर आला, त्यातला एक आमच्या घरातलाच. मजकूर थोडक्यात असा: "बाळाला लस न देणारे आईबाप अडाणी आणि बेजबाबदार असतात. सगळा घोळ त्या एका डॉक्टरच्या खोट्या पेपरने आणि सोशल मीडियाने केलाय. लसीत घाबरण्यासारखं काहीही नाही. नीट माहिती दिली की लोक ऐकतात, आणि जे तरीही ऐकत नाहीत त्यांच्यावर सरळ सक्ती करा." खाली हात जोडलेले इमोजी.

आधीच सांगते, मी लसीच्या बाजूची आहे, माझ्या मुलीचे सगळे डोस झालेत, त्यामुळे मला लसविरोधी म्हणून मोकळं होऊ नका. माझं म्हणणं एवढंच की हा मेसेज लसीची बाजू घेतो खरा, पण ज्या आईच्या मनात अजून शंका आहे तिच्या हातात तो पडला तर ती उद्या जाणार होती तेही जाणार नाही.

"अडाणी आणि बेजबाबदार असतात"

डोस राहिलेलं प्रत्येक बाळ म्हणजे नकार, हे कुणी ठरवलं? डब्ल्यूएचओ आणि युनिसेफच्या आकड्यांप्रमाणे २०२३ मध्ये जगात साधारण १ कोटी ४५ लाख बाळं अशी होती ज्यांना घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीचा पहिला डोससुद्धा मिळाला नव्हता. त्यातली निम्म्याहून जास्त ३१ अशा देशांतली, जिथे लढाई चालू आहे किंवा सगळी व्यवस्थाच मोडकळीला आलीय. तिथल्या आईला लस हवी का असं कुणी विचारलेलंच नाही, ती नाकारणार काय.

दुसरे म्हणजे ज्यांचे एकदोन डोस झाले आणि पुढचे राहिले. यांची कारणं इतकी साधी असतात की त्यावर कुणी फॉरवर्ड बनवत नाही. रोजंदारीवर काम आहे, एक दिवस गेला की पैसे गेले. मोठ्या मुलाला कुणाकडे ठेवायचं. केंद्रावर गेलं तर आज स्टॉक संपला, परवा या. बाळाला सर्दी होती म्हणून घरच्यांनीच पुढे ढकललं, आणि साध्या सर्दीत लस देता येते हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. कार्ड हरवलं म्हणून सगळ्यांसमोर बोलणी बसली, आणि एकदा अशी बोलणी खाल्लेली बाई पुढच्या तारखेला जायचं टाळते, त्याला मी तरी बेजबाबदार म्हणणार नाही. माझ्या मुलीचा दहा आठवड्यांचा डोस बारा दिवस उशिरा झाला होता तेव्हा तिथल्या बाईंनी "शिकलेल्या दिसता की" असं जे म्हटलं होतं ते मला आजही आठवतं, त्या दिवशी डोस कुठला दिला ते मात्र कार्ड बघूनच सांगावं लागेल.

आता उरले खरोखर ठरवून नाही म्हणणारे. अमेरिकेत १९९५ ते २००१ च्या आकड्यांवरून एक अभ्यास झाला, २००४ मध्ये छापून आला. त्यात ज्यांचे काही डोस राहिले ती मुलं आणि ज्यांना एकही डोस दिलेला नाही ती मुलं वेगळी काढून बघितली. काही डोस राहिलेल्यांच्या आया जास्त करून तरुण, एकट्या, कमी शिकलेल्या, गरिबीच्या काठावरच्या. आणि एकही डोस नसलेल्यांच्या? जास्त करून कॉलेज झालेल्या, लग्न झालेल्या, वर्षाला ७५ हजार डॉलरच्या वर कमाई असलेल्या घरातल्या. म्हणजे 'अडाणी' हा शब्द ज्यांना बघून सुचतो त्या बायांनी लस नाकारलेली नव्हती, त्यांना ती पूर्ण करता आली नव्हती. आणि नाकारणाऱ्या तर चांगल्या शिकलेल्या. त्यांची समजूत चुकीची होती, ते वेगळं.

"सगळा घोळ एका डॉक्टरचा आणि सोशल मीडियाचा"

तो डॉक्टर म्हणजे ब्रिटनमधला अँड्र्यू वेकफिल्ड, त्याच्याबद्दल मला काडीचं प्रेम नाही. १९९८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पेपर आला, अख्ख्या पेपरात मुलं किती तर १२, त्यावरून त्याने गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवला, २०१० मध्ये लॅन्सेटने पेपर मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याचं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशनही गेलं. नंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासून झाल्या, २०१९ मध्ये निकाल आला, संबंध नाही. विषय संपला.

पण लोकांची भीती त्याच्यापासून सुरू झाली हे मात्र खोटं. इंग्लंडमध्ये १८५३ मध्ये बाळ तीन महिन्यांचं व्हायच्या आत देवीची लस टोचणं कायद्याने सक्तीचं केलं, न टोचणाऱ्यांना दंड, आणि तेव्हापासूनच विरोध करणाऱ्यांच्या संघटना उभ्या राहिल्या, लेस्टर शहरात १८८५ मध्ये हजारोंचा मोर्चा निघाला. शेवटी १८९८ मध्ये, ज्याच्या मनाला पटत नाही त्याला सूट, अशी तरतूद कायद्यात घालावी लागली. तेव्हा कुठला इंटरनेट होता. त्यानंतर १९७४, पुन्हा ब्रिटनच. डांग्या खोकल्याच्या लसीनंतर मेंदूचा त्रास झाला असं सांगितलेल्या ३६ मुलांवर एक पेपर आला, टीव्हीवर गाजला, आणि काही वर्षांत ही लस घेणाऱ्या बाळांचं प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास होतं ते ३० च्या आसपास आलं. मग डांग्या खोकल्याच्या मोठ्या साथी आल्या. मेंदूच्या कायमच्या इजेचा तो संबंध पुढच्या संशोधनात टिकला नाही, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

ऑटिझमचीच भीती एवढी का चिकटते, याचं मला वाटतं ते कारण अगदी घरगुती आहे. मूल हाकेला वळून बघत नाही, बोलत नाही, हे आईच्या लक्षात यायला लागतं ते साधारण वर्ष-दीड वर्षाच्या आसपास, आणि गोवर-गालगुंड-रुबेलाचा डोसही त्याच सुमारास असतो. ती बिचारी कॅलेंडर उलटं मोजत जाते आणि सगळ्यात ठळक आठवणारी तारीख सापडते ती सुईची.

"घाबरण्यासारखं काहीही नाही"

हे वाक्य सगळ्यात घातक आहे, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

काहीही नाही? मग बाळाला रात्री १०२ ताप येतो ते काय असतं, मांडी लालबुंद होऊन गाठ येते, बाळ तीन तास एका सुरात रडतं, आणि ज्या आईला "काहीही होत नाही" म्हणून पाठवलेलं असतं तिला पहाटे तीन वाजता वाटायला लागतं की काहीतरी चुकलंय आणि हे लोक लपवतायत. तेच तिला निघताना सांगितलं असतं की ताप येऊ शकतो, एकदोन दिवसांत जातो, औषध किती आणि कधी द्यायचं ते हे असं, आणि अमुक झालं तर मात्र लगेच घेऊन या, तर तीच रात्र तिने वेगळ्या मनाने काढली असती. माझी पहिली रात्र अशीच गेली म्हणून सांगते.

आणि क्वचित, फार क्वचित, मोठंही होतं. १९५५ मध्ये अमेरिकेत एका कंपनीच्या पोलिओ लसीत जिवंत विषाणू राहून गेले, लस घेतलेल्या मुलांना आणि त्यांच्या आसपासच्यांना मिळून दोनशेच्या आसपास लोकांना लुळेपणा आला आणि १० जण गेले. १९९८ मध्ये रोटाव्हायरसची पहिली लस आली, साधारण दहा हजारात एका बाळाच्या आतड्याला पीळ पडल्यासारखा त्रास होतोय असं नोंदींतून दिसलं आणि १९९९ मध्ये लस बाजारातून काढून घेतली. दहा हजारात एक असलेली गोष्ट वर्षभरात पकडली गेली, हा खरं तर लसीवर विश्वास बसावा असा किस्सा आहे, पण "काहीही होत नाही" म्हणणाऱ्याला तो सांगताच येत नाही ना.

सामोआचं उदाहरण तर हा मेसेज पाठवणाऱ्या प्रत्येकाने बघावं. पॅसिफिकमधला दोन लाख वस्तीचा देश. जुलै २०१८ मध्ये गोवराची लस दिल्यावर एकाच दिवशी दोन बाळं गेली. लस चांगली होती, पण लसीची पावडर ज्या पाण्यात कालवायची त्याच्याऐवजी नर्सच्या हातून स्नायू सैल करणारं औषध मिसळलं गेलं होतं. सरकारने लसीकरण काही महिने थांबवलं, आणि सुरू केलं तेव्हा लोक आले नाहीत. का येतील? त्यांनी काही फेसबुकवर वाचलं नव्हतं, शेजारच्या घरातली बाळं गेलेली बघितली होती. (फेसबुकवाले नंतर आलेच, तेल ओतायला.) २०१९ च्या शेवटी गोवर शिरला तेव्हा ५७०० च्या वर लोक आजारी पडले आणि ८३ गेले, बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. गोवर असा आहे की शंभरातल्या किमान ९५ जणांना संरक्षण लागतं, त्याहून कमी असलं तर तो वाट काढतोच. या आईबापांना अडाणी म्हणून दाखवा बघू तोंडावर.

शिवाय माणसाच्या मनाची एक खोड आहे. १९९० मध्ये दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक काल्पनिक प्रश्न घातला: एका आजाराने दहा हजारात १० मुलं जातात, लस दिली तर आजार टळतो पण लसीनेही काही मुलं जाऊ शकतात, किती गेली तर चालेल? १० पेक्षा कमी कितीही असली तरी हिशेबाने लस द्यायला हवी, पण बऱ्याच जणांना ते पटलं नाही. कारण आजाराने गेलं तर नशीब, आणि मी सुई टोचून घेतली आणि त्याने गेलं तर ते मी केलं. काही न करणंसुद्धा आपणच केलेलं असतं हे त्या क्षणी दिसत नाही. हे कमी शिकलेल्यांचंच होतं असं नाही, तुमचं-माझंही होतं.

"नीट माहिती दिली की ऐकतात"

असं झालं असतं तर किती बरं. २०१४ मध्ये अमेरिकेत १७५९ पालकांवर करून बघितलंय. कुणाला ऑटिझमचा संबंध नाही हे समजावलं, कुणाला रोगांची माहिती दिली, कुणाला आजारी मुलांचे फोटो दाखवले, कुणाला एका मरता मरता वाचलेल्या बाळाची गोष्ट. एकाही प्रकाराने लस द्यायची तयारी वाढली नाही. ऑटिझमचा मुद्दा खोडला तो लोकांनी मान्य केला, पण जे आधीच सगळ्यात नाराज होते त्यांची तयारी उलट कमी झाली. फोटो बघून तर लसीने ऑटिझम होतो हा समज उलट वाढला. म्हणजे तो फॉरवर्डसोबत फिरणारा पुरळ आलेल्या बाळाचा फोटो, तोही बंद करा.

मग घेणारे का घेतात? खरं उत्तर जरा पचायला जड आहे, आपण बहुतेक जण काही अभ्यास करून लस देत नाही. तारीख आली, सगळे देतात, डॉक्टरांनी सांगितलं, दिली. २०१३ चा एक अभ्यास आहे, डॉक्टर आणि पालकांमधलं बोलणं रेकॉर्ड करून केलेला. डॉक्टर "आज हे हे डोस द्यायचेत" असं म्हणाले तिथे २६ टक्के पालकांनी आढेवेढे घेतले, आणि "मग, लसीचं काय ठरवलंय तुम्ही?" असं विचारलं तिथे ८३ टक्क्यांनी. तरी आढेवेढे घेतल्यावरही डॉक्टरांनी विषय सोडला नाही तेव्हा जवळजवळ निम्मे तयार झाले. फरक दिसला तो डॉक्टरांनी बोलायला सुरुवात कशी केली याचा, आणि मला वाटतं त्यामागे समोरच्या माणसावरचा भरवसा असतो.

आणि हा भरवसा बाहेरूनही मोडतो. नायजेरियाच्या कानो राज्यात २००३ मध्ये पोलिओची मोहीम बंद पाडली, अफवा अशी की थेंबांनी वंध्यत्व येतं. अफवा खोटीच, पण त्याच कानोमध्ये १९९६ च्या मेंदुज्वराच्या साथीत एका परदेशी औषध कंपनीने मुलांवर औषधाची चाचणी केली होती, त्यात ११ मुलं दगावली आणि कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालल्या. पाकिस्तानात २०११ मध्ये सीआयएने बिन लादेनचा माग काढायला हिपटायटिस बीच्या लसीकरणाची खोटी मोहीम चालवली, हे उघड झाल्यावर घरोघर जाणाऱ्या लसवाल्या बायकांकडे लोकांनी कुठल्या नजरेने बघावं? त्यांना तुमचं माहितीपत्रक देऊन काय होणार.

"सक्ती करा"

याला थोडं तथ्य आहे, ते नाकारणार नाही. इटलीने २०१७ मध्ये दहा लसी सक्तीच्या केल्या, प्रमाण वाढलं. आज-उद्या करणारे सक्तीने नक्की हलतात. सामोआनेही साथीच्या वेळी दोन दिवस देश बंद ठेवला, ज्या घरात कुणाची लस बाकी आहे त्यांनी दाराबाहेर लाल कापड बांधायचं आणि पथक दारात येणार, आणि आकडा एकदम वर गेला. पण नीट बघा, तिथे सरकार लस घेऊन दारात आलं होतं, आणि तोवर प्रत्येकाने गोवर डोळ्यांनी बघितला होता. उलट कॅलिफोर्नियात २०१६ पासून मनाला पटत नाही म्हणून सूट घेणं बंद केलं तर वैद्यकीय कारणाची सर्टिफिकिटं वाढली. ठाम असलेला माणूस दुसरं दार शोधतो. आणि स्टॉक संपलाय परवा या, असं ज्यांना सांगितलंय त्यांच्यावर सक्ती कशाची करायची, परवा येण्याची?

घरच्या ग्रुपवर मी यातलं काही लिहिलं नाही. मेसेज टाकणारे काका आहेत, वाद नको. पण तो मेसेज ज्यांनी वाचला त्यात माझी मावसबहीण होती, तिचं बाळ दोन महिन्यांचं आहे आणि सहा आठवड्यांचे डोस अजून झालेले नाहीत. तिला फोन केला. ती म्हणाली, ताई मी नाही कुठे म्हणतेय, मला फक्त विचारायचंय की एवढ्याशा जिवाला एकाच दिवशी तीन सुया कशाला, पण विचारलं की सगळे अंगावर येतात. मग मला जेवढं माहितीय तेवढं सांगितलं, की सुया मोजून ओझं कळत नाही, त्या सुयांमधून शरीराला जेवढं नवं ओळखावं लागतं त्याहून कितीतरी जास्त जंतू बाळ तोंडात हात घालून रोज पचवतं. ती म्हणाली बरं. मग म्हणाली, ताप आला की तू काय केलं होतंस? त्यावर आम्ही पाऊण तास बोललो. गुरुवारी जातोय, मी बरोबर आहे.