‘दोष माहीत आहेत, मग भीती कसली?’

एक मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा फिरून आला. थोडक्यात असा : दहा-बारा वर्षांची जर्मन सेडान आज नव्या छोट्या हॅचबॅकच्या पैशात मिळते, लोक उगाच घाबरतात. विकणारा दोष लपवत नाही, यादीच हातात देतो. त्या दुरुस्त्यांचा खर्च काढा, किमतीतून वजा करा आणि बिनधास्त घ्या. किंमत जेवढी पडायची तेवढी पडून झालेली असते, काम बाहेर निम्म्यात होतं, दिल्लीची गाडी घेतली तर आणखी स्वस्त, विमा असतोच, जर्मन इंजिन पाच लाख किलोमीटर हलत नाही. आणि शेवटी अर्थातच, हौसेला मोल नाही.

या वेळी मेसेजच्या मागोमाग सोलापूरच्या मावसभावाने एका गाडीचे फोटो टाकले. २०१३ ची डिझेल, दिल्ली पासिंग, साडेसहा लाख. खाली सहा दोषांची यादी. ‘दादा, माणूस प्रामाणिक वाटतोय.’

असेलही. मीही होतो. अशीच एक गाडी मी साडेतीन वर्षं वापरली आणि विकताना गिऱ्हाईकाला दोषांची यादी स्वतःच्या हाताने लिहून दिली. त्या यादीत खोटं एक अक्षर नव्हतं. म्हणूनच मेसेजमधला पहिला मुद्दा वाचला की मला कसंनुसं होतं.

‘दोष माहीत आहेत, म्हणजे धोका संपला.’

माझ्या यादीत तिसऱ्या नंबरला लिहिलं होतं : ‘एसी उन्हाळ्यात थोडा कमी पडतो.’ खरं होतं. लिहिलं नव्हतं ते हे, की गॅस दोनदा भरून झाला होता आणि मेकॅनिकने कूलिंग कॉइल गळतेय असं सांगितलं होतं. ती कॉइल डॅशबोर्डच्या पोटात. काढायची तर स्टिअरिंग, एअरबॅग, अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा. आणि परत बसवल्यावर कुठून तरी करकर येणार नाही याची हमी कोणी देत नाही. त्या कामाचं कोटेशन माझ्या टेबलाच्या खणात होतं. ते वाचूनच तर मी गाडी विकायला काढली होती.

यादीत येतात ती लक्षणं. रोगाचं नाव आणि ऑपरेशनचा खर्च विकणाऱ्याच्या खणात राहतो, आणि तो खोटंही बोललेला नसतो.

भावाच्या यादीतली एक ओळ बघा : ‘सकाळी सेल्फ मारल्यावर दोन-तीन सेकंद आवाज येतो, नंतर बंद.’ हीट शील्डचा, म्हणजे उष्णता अडवणारा, एखादा पत्रा सैल असेल तरी हीच ओळ लिहिली जाईल, आणि इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारी टायमिंग चेन सैल पडली असेल तरी हीच. बीएमडब्ल्यूच्या ३२०डी-५२०डीमध्ये २००७ पासून आलेल्या एन४७ डिझेल इंजिनाची चेन हा जगभर गाजलेला विषय आहे. चेन किंवा तिचे गाइड झिजले की थंड इंजिन सुरू होताना खडखड ऐकू येते. ही चेन इंजिनाच्या पुढच्या बाजूला नाही, मागे, गिअरबॉक्सच्या अंगाला आहे. म्हणजे चेन बघायची तरी आधी गिअरबॉक्स किंवा इंजिन खाली. मर्सिडीजच्या ओएम६५१ डिझेलमध्येही चेन मागच्याच बाजूला. चालत्या गाडीत ती तुटली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि मग दुरुस्तीची नाही, दुसऱ्या इंजिनाचीच चौकशी सुरू होते. ‘दोन-तीन सेकंद आवाज’ या चार शब्दांची किंमत शून्य रुपयेही असू शकते आणि गाडीच्या किमतीएवढीही. यातलं किमतीतून वजा काय करायचं?

दुसरी ओळ : ‘मागची डावी बाजू कधी कधी खाली बसते.’ हे एअर सस्पेन्शनचं दुखणं. रबरी बलूनला चीर जाते, हवा गळते, रात्री नीट उभी केलेली गाडी सकाळी म्हशीसारखी एका कुशीवर बसलेली दिसते. बलून एकच फुटलेला असतो हे खरं. पण गळती भरून काढायला कॉम्प्रेसर गरजेपेक्षा जास्त चालत राहतो, तापतो, शेवटी जळतो. त्याला चालू-बंद करणारा रिले चिकटला तर आणखी लवकर. विकणारा ‘एक बलून टाका’ म्हणतो तेव्हा कॉम्प्रेसर किती दिवस ओव्हरटाइम करतोय हे त्यालाही सांगता येणार नाही. दोष एकटा राहत नाही, शेजाऱ्याला बिघडवतो. आजची यादी आजच्या तारखेची असते.

‘स्कॅनर लावून बघा, सगळं कळतं’ असंही मेसेजमध्ये आहे. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले एरर वाचणारा हा स्कॅनर लावावाच. पण त्याच स्कॅनरने एरर पुसताही येतात, आणि गाडी पुरेशी चालल्याशिवाय त्यांतल्या कित्येक परत उमटत नाहीत. बघायला गेल्यावर एकही एरर नाही म्हणजे गाडी ठणठणीत, किंवा अर्ध्या तासापूर्वी पाटी पुसलेली. तज्ज्ञाला ते ओळखता येतं. मोबाइलवरच्या सातशे रुपयांच्या डोंगलला विचारू नका.

आणि यादी स्वीकारल्याचा एक परिणाम कोणी बोलतच नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम १६ मुळात खरेदीदाराला फार आधार देत नाही. त्यातही तुम्ही माल तपासून घेतला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवा होता अशा दोषाबद्दल नंतर तक्रारीला जागा उरत नाही. इथे तर दोष कागदावर लिहून दिलेत. यादीमुळे धोका संपतो हे खरं आहे, फक्त विकणाऱ्याचा.

माझी गाडी घेतलेल्या गृहस्थांचा मे महिन्यात फोन आला होता. भांडायला नाही. ‘तुम्ही सांगितलं होतंत, तक्रार नाही. फक्त विचारतो, तुम्हाला कॉइलचे किती सांगितले होते?’ मी आकडा सांगितला. ते ‘बरं’ म्हणाले.

‘किंमत पडायची तेवढी पडून झाली, आता तोटा काय?’

किंमत पडली ती गाडीची, तिच्या सुट्या भागांची नाही. समजा नवी असताना ती ४५ लाखांची होती. आज ती साडेसहा लाखांना मिळते, पण तिचा हेडलाइट, शॉकअप, इंजेक्टर हे सगळे ४५ लाखांच्याच गाडीचे आहेत. घर घेताना बाजारभाव बघावा आणि मेंटेनन्स मात्र मलबार हिलच्या दराने भरावा, तसं. आणि साडेसहाच्या खालीही पायऱ्या आहेत. चालती गाडी साडेसहाची. बंद पडून गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खाणारी गाडी भंगारवाला सांगेल त्या भावाची.

‘बाहेर निम्म्यात होतं.’

यात तथ्य आहे. शोरूमला अख्खं युनिट बदलायला सांगतात तिथे बाहेरचा चांगला माणूस आतला एक सेन्सर बदलून गाडी देतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीच्या मायापुरीत भंगारातल्या गाड्यांचे ओरिजिनल भाग मिळतात. पण दरवाजा, आरसा, सीट वेगळी आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारं त्याचं कंट्रोल युनिट, वेगळं. ऑडीच्या सात गिअरच्या एस ट्रॉनिकमध्ये हे युनिट बिघडल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. भंगारातलं आणलं तरी ते तुमच्या गाडीशी जुळवून घ्यावं लागतं, कोडिंग करावं लागतं, आणि ते ज्या गाडीतून निघालं ती भंगारात का गेली हे कोणी सांगत नाही. तीन महिन्यांनी तेही गेलं तर मजुरी दुसऱ्यांदा. बीएमडब्ल्यूत साधी बॅटरी बदलली तरी नवी बसवल्याचं गाडीला कळवावं लागतं, नाही तर ती जुनी समजूनच चार्ज करत राहते.

भाऊ सोलापुरात. ज्या दोन मेकॅनिकांवर माझा विश्वास आहे ते पुण्यात. म्हणजे प्रत्येक वेळी अडीचशे किलोमीटर, बंद पडली तर टोइंगच्या ट्रकवर. मेसेजमधल्या निम्म्यात हे अडीचशे किलोमीटर धरलेले नाहीत.

‘दिल्लीची गाडी घ्या, तिकडे दहा वर्षांची झाली की मालक कवडीमोल विकतो.’

ही गोष्ट एके काळी खरी होती. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशानंतर आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो उचलून धरल्यावर दिल्ली परिसरात दहा वर्षांवरचं डिझेल रस्त्यावर आणता येईना. चांगल्या सांभाळलेल्या गाड्यासुद्धा मालकांना विकाव्या लागल्या. ज्यांनी तेव्हा निवडून घेतल्या त्यांना लाभल्याही. पण ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ वयावरून मालकांवर कारवाई करू नका असं सांगितलं, आणि डिसेंबरात ते संरक्षण बीएस-४ या प्रदूषण-मानकाच्या आणि त्यापुढच्या गाड्यांसाठीच ठेवलं. दिल्लीत बीएस-४ एप्रिल २०१० पासून लागू झालं. म्हणजे २०१३ ची गाडी संरक्षित गटातली. त्या मालकाच्या डोक्यावरची टांगती तलवार निघाली. तरीही तो साडेसहाला देतोय. मग त्याला विकायला कोण भाग पाडतंय? कायदा की खणातलं कोटेशन?

पुढे इकडचा खर्च. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार इथलं पासिंग करून घ्यावं लागतं. आधी तिकडची एनओसी, मग इकडचा कर. महाराष्ट्रात खासगी डिझेल गाडीचा एकरकमी कर मूळ किमतीच्या टप्प्याप्रमाणे चढत जातो. जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होतो, पण हिशोबाचा पाया गाडीची मूळ किंमत. तुम्ही साडेसहा दिलेत की साडेचार, आरटीओला घेणंदेणं नाही. हा आकडा टोकन देण्याआधी काढा. शिवाय नोंदणी पहिल्या दिवसापासून १५ वर्षांची. २०१३ च्या गाडीची २०२८ मध्ये संपणार. मग फिटनेस, नूतनीकरण, पर्यावरण कर. पासिंगच्या नव्या पाट्या जुन्या व्हायच्या आत दुसरी फेरी.

‘विमा असतोच.’

असतो, पण अपघाताचा. गाडी आपोआप बिघडली तर साधी पॉलिसी एक पैसाही देत नाही. अपघातातही रबर-प्लॅस्टिक, बॅटरी, एअरबॅग यांवर निम्मी घसारा कपात, आणि दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवरही निम्मी. ही कपात टाळणारं ‘झिरो डेप’ कव्हर या वयाच्या गाडीला सहसा मिळत नाही. आणि दुरुस्तीचा खर्च पॉलिसीतल्या गाडीच्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस. साडेसहा लाखांच्या गाडीत दोन एअरबॅग, दोन हेडलाइट, रेडिएटर आणि बंपर गेले की हा आकडा फार लांब राहत नाही.

‘जर्मन इंजिन पाच लाख किलोमीटर चालतं.’

ज्यांचं चालतं त्यांच्याकडे बिलांची फाइल असते, एवढंच म्हणेन. एक उदाहरण : बीएमडब्ल्यूपासून ऑडीपर्यंत अनेकांना ८एचपी गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ स्वतः सांगते की ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदला. गाडीकंपन्या मात्र तेच तेल आयुष्यभराचं म्हणून विकत आल्या. आयुष्य कोणाचं, ते गुलदस्त्यात. पहिला मालक चार-पाच वर्षांत गाडी काढतो, त्याला फरक पडत नाही. फरक यादीतल्या ‘गिअर बदलताना हलका झटका’ या ओळीत दिसतो, आणि ती वाचतो तिसरा मालक.

राहिली हौस. तिच्यावर माझं काही म्हणणं नाही. ती साडेतीन वर्षं मी भरपूर भोगली. पहाटे एक्सप्रेसवेवर घाट उतरताना ती गाडी जशी जमिनीला धरून राहायची, तसं सुख आजच्या माझ्या गाडीत नाही. आजही मी अशी गाडी घेईन, पण दोष कोणते ते बघून. टायर संपलेत, बुश गेलेत, ब्रेक डिस्क झिजल्यात, सनरूफचं कव्हर लोंबतंय, पेंट उडालाय, हे चालेल. कारण या कामांना तळ आहे, एकदा पैसे टाकले की विषय संपतो. आवाज, झटका, गळती, ‘कधी कधी’ आणि ‘थोडंसं’ हे शब्द असलेली ओळ नको. आणि घरात रोजच्या कामाला दुसरी गाडी हवी. भावाकडे नाही, त्याला हीच घेऊन रोज चिंचोळी एमआयडीसीत जायचंय.

त्याला मी दोनच गोष्टी मागायला सांगितल्या : रात्रभर उभ्या गाडीचा सकाळी पहिल्यांदा सेल्फ मारतानाचा व्हिडिओ, आणि त्या सहा कामांची गॅरेजने दिलेली कोटेशनं. व्हिडिओ त्याच संध्याकाळी आला. त्यात इंजिन आधीपासून चालू आहे आणि बॉनेटवर दुपारचं ऊन. ‘आवाज तर येत नाही, दादा,’ भाऊ म्हणाला. मी म्हटलं, कोटेशनचं विचार. दोन दिवस उत्तर नाही. काल यादी सुधारून आली. किंमत सहा लाख दहा हजार, आणि खाली सातवा दोष : ‘एसी उन्हाळ्यात थोडा कमी पडतो.’