कितीला पडली?

मस्कतला येऊन आठवडा झाला. भावाचं घर छान आहे, समुद्र छान आहे, खजूर तर विचारूच नका. पण रात्री दिवा मालवला की मरोळच्या हॉटेलातले ते हाफ पँटवाले काका डोळ्यांपुढे येतात आणि म्हणतात, "पंधराशे. नाश्त्यासकट."

विमान पहाटे ४.५५ चं होतं, मुंबई विमानतळाच्या टी-टू टर्मिनलवरून. आम्ही नाशिकच्या. मध्यरात्री कसारा घाट उतरून भिवंडीचं ट्रॅफिक खायचं हे आईच्या गुडघ्यांना आता झेपत नाही. म्हणून संध्याकाळीच मुंबई गाठायची, जेवून चार तास आडवं व्हायचं आणि दीडला निघायचं असा बेत होता. त्यासाठी एक खोली हवी होती, बाकी काही नको.

आईचं म्हणणं, हॉटेल कशाला, मामा आहे ना! मामा पार्ल्याला होता तोवर आमच्या घराण्यातला परदेशी जाणारा प्रत्येक जण त्याच्या दीड खोलीत पाठ टेकून गेलाय. सोडायला आलेली दहा माणसंही तिथेच, एकमेकांच्या उशाशी. मामीने रात्री दोनला पोहे केलेत, आणि कोणी कधी 'भाव काय' विचारलं नाही. पुढे मामा बदलापूरला गेला, प्रशस्त टू बीएचके घेतला. म्हणजे आता नातेवाइकांकडे जागा आहे, फक्त ती विमानतळापासून नाशिकच्या निम्म्या वाटेवर आहे. तिथे उतरायचं, तर मग घाटातच मुक्काम केलेला काय वाईट?

तेव्हा हॉटेल. सहारच्या रस्त्याला लीला आहे, जेडब्ल्यू मॅरियट आहे. त्यांच्या दारावरून रिक्षाने जाताना सुद्धा मी पदर सावरून बसते. शिवाय खोलीचं भाडं रोजचं साडेसात हजारांच्या वर गेलं की त्यावर १८ टक्के जीएसटी. चार तासांच्या झोपेवर सरकारला एवढं देण्याइतकी माझी झोप गाढ नाही. तासांवर खोली मिळते असं कळलं म्हणून एका ठिकाणी फोन केला. पलीकडच्याने विचारलं, "कपल?" म्हटलं, "नाही, मी आणि माझी आई." पलीकडे शांतता. मग दबक्या आवाजात, "मॅडम, राँग नंबर."

राहता राहिलं बुकिंगचं ॲप. तिथे एक नवीनच भूगोल शिकायला मिळाला. 'विमानतळापासून ८०० मीटर' लिहिलेलं एक हॉटेल नकाशावर पाहिलं, तर ते जरीमरीकडच्या बाजूला. आठशे मीटर खरे होते. फक्त मधे धावपट्टी होती. विमानाने जायचं असेल तर जवळच, पण विमानापर्यंत जायचं असेल तर रिक्षाने अख्खा वळसा. दुसऱ्या एका हॉटेलापासून म्हणे मेट्रो दोन मिनिटांवर. मेट्रो तीन आता थेट टी-टूला जाते ही गोष्ट खरी, पण रात्री दीडला मेट्रोही घरी जाऊन झोपलेली असते हे कोण सांगणार?

शेवटी मरोळचं एक सापडलं. ५,६०० वर लाल काट मारून खाली हिरव्या अक्षरांत २,१९९. त्याखाली 'ह्या भावात १ खोली शिल्लक!' आणि 'आत्ता १४ जण हे हॉटेल पाहत आहेत.' आता मरोळच्या एका गल्लीतलं हॉटेल मंगळवारी दुपारी चौदा जण कशाला पाहतील? तरी माझा अंगठा घाईला आलाच. पैसे भरायच्या पानावर गेले तर २,१९९ चे २,६४० झालेले. 'कर व शुल्क.' मी नाशिकच्या मध्यमवर्गात वाढलेली बाई, बिल उलगडल्याशिवाय पैसे देत नाही. जीएसटी ५ टक्के, म्हणजे ११० रुपये. उरलेले ३३१ कसले, तर 'सेवा'. सेवा कोणती, तर मी स्वतः बसून, चष्मा लावून, माझ्याच अंगठ्याने केलेली शोधाशोध. शिवाय प्रवास विम्याच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली. ती काढायला गेलं की बटणावर लिहून येतं, 'नको, मी धोका पत्करते.' विमा नाकारला म्हणून बटण मला टोमणा मारतं!

ह्या असल्या चलाख्यांविरुद्ध केंद्र सरकारने २०२३ साली नियमावली काढली आहे. तेरा प्रकार त्यात नावानिशी नोंदवलेत: खोटी घाई, भाव थेंबाथेंबाने वाढवत नेणं, न सांगता टोपलीत माल सरकवणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणं. मी वाचत गेले आणि प्रत्येकाला ओळखत गेले, कारण अर्ध्या तासात त्यातले चार मला भेटून गेले होते. नियम आहेत आणि बटणंही आहेत, दोघांचं छान चाललंय. पैसे भरले.

संध्याकाळी सातला हॉटेलात पोचलो. चेक-इन दुपारी दोनपासून, चेक-आउट सकाळी अकराला. म्हणजे भाडं एकवीस तासांचं आणि आम्ही राहणार साडेसहा. उरलेल्या तासांचं काय करतात देव जाणे. लॉबी म्हणजे एक सोफा, एक फिशटँक आणि दोघांच्या मधे हाफ पँट, बनियन आणि गळ्यात चष्मा घातलेले एक गृहस्थ. बॅग वजन करत होते.

हुकाचा डिजिटल काटा होता. बॅगेचा पट्टा हुकात अडकवायचा, दोन्ही हातांनी काटा उचलायचा आणि आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखायचा. पण बॅग एवढी फुगलेली की उचलली की त्यांच्या हनुवटीला टेकायची, आणि आकडा नेमका बॅगेच्या मागे. मला पाहताच त्यांचा चेहरा उजळला.

"मॅडम, जरा आकडा बघा."

"३१.६."

"परत बघा."

"३१.६ च आहे."

"तीस जातात," असं म्हणून त्यांनी लॉबीच्या मधोमध बॅग उघडली. कुळथाचं पीठ, आमसुलं, फणसाचे तळलेले गरे, आणि पेपरांच्या कित्येक थरांत गुंडाळलेलं काहीतरी, जे थरांना न जुमानता सुकट असल्याचं सांगत होतं. फिशटँकमधले मासेही एका कोपऱ्यात गेले. काकांनी सगळ्या ऐवजावरून हात फिरवला, विचार केला आणि दोन पँटी काढून बाजूला ठेवल्या. "कपडे काय, तिथे मिळतात."

आईला माणूस आवडला. गाव कुठलं, तर खेड. कुठे निघालात, तर मस्कतलाच, मुलाकडे. "अगंबाई, आम्हीपण!" एवढ्यात मी काउंटरवर आधार कार्डं देत होते, तेव्हा मागून आवाज आला.

"कितीला पडली?"

"काय?"

"रूम."

मी म्हटलं, "बावीसशे." खोटं नव्हतं ते, ॲपने जे मला सांगितलं तेच मी त्यांना सांगितलं.

"अगं, सव्वीसशे चाळीस ना?" आई म्हणाली. "कार्डावरून गेले तेवढे. तू गाडीत बडबडत नव्हतीस का?"

काकांनी काटा खाली ठेवला. बॅग उघडी, सुकट उघडं, पण आता त्यांना त्याची फिकीर नव्हती. त्यांनी दारावरच्या वॉचमनला हाक मारली. "ऐकलंस काय? सव्वीसशे!" वॉचमन आत आला. लिफ्टमधून सामान काढणारा पोऱ्याही थांबला. सगळे माझ्याकडे अशा नजरेने पाहायला लागले की मला वाटलं आता वर्गणी काढतात.

"कशावरनं केलीत?"

"मोबाइलवरून."

"छ्या! मी कधी मोबाइलवरनं करत नाही. मी फोन करतो."

"फोन मोबाइलवरूनच करता ना?"

"बोलायचा फोन हो. सरळ हॉटेलात लावायचा. म्हणायचं, येतोय. पंधराशे." मग थोडं थांबून, "नाश्त्यासकट."

इथे मला आशेचा किरण दिसला. "पण नाश्ता साडेसातला असतो. तुम्हीही रात्रीच निघणार."

काकांनी सोफ्याच्या हातामागून एक पिशवी काढली. चार स्लाइस, लोण्याच्या दोन चांदीवाल्या वड्या, दोन उकडलेली अंडी, एक केळं. "बांधून घेतला."

आई त्या केळ्याकडे बघत राहिली. मी दहावीला चांगले मार्क पडूनही आर्ट्‌सला गेले तेव्हा ती माझ्याकडे असंच बघत होती.

"खिडकी आहे का तुमच्या रूमला?" काकांचं अजून संपलं नव्हतं.

"आहे. फोटोत होती."

पोऱ्या म्हणाला, "३०२ ना? है है, खिडकी है. सिर्फ पडदा मत खोलना."

पडदा मी नंतर उघडला. मागे भिंत होती, आणि एक पाइप.

मी काउंटरवरच्या मुलाकडे वळले. "भैया, सेम रूम, इनको पंधरासौ और हमको छब्बीससौ?"

"मॅडम, आपका रेट सिस्टम से आया है."

"और इनका?"

त्याने कॉम्प्युटरकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "ये सिस्टम में नहीं हैं."

हसायला ठीक आहे हो. पण मला खरंच राग आलाय आणि तो त्या मुलावर नाही. हॉटेलवाला ॲपला कमिशन देतो, ते आपल्या भाड्यातून काढतो. वर ॲप आपल्याकडूनही 'सेवा' घेतं. म्हणजे एकाच उशीचे दोन्ही बाजूंनी पैसे. हॉटेलांनी इतरत्र कमी भाव लावू नये अशा अटी करारात घातल्या, हे एक कारण धरून स्पर्धा आयोगाने २०२२ साली ह्या धंद्यातल्या बड्यांना दंडही केला होता. दंड झाला, बातमी आली, मीही वाचली असेल चहाबरोबर. पण पंधराशेचा भाव अजूनही कुठे लिहिलेला सापडत नाही. तो कानात सांगायचा असतो, आणि माझ्या कानात सांगायला कोणी नाही. ज्याला इंग्रजी येतं, ॲप वापरता येतं, कार्ड आहे, त्याने जास्त द्यायचे, कारण त्याला घासाघीस करायची लाज वाटते हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. माझ्या आजीने नाशिकच्या भाजीबाजारात चार आण्यांसाठी बायकांना रडकुंडीला आणलंय. तिची नात हिरव्या अक्षरांपुढे गप्प बसते. त्या ॲपात 'ताई, बरोबर लावा की' म्हणायचं बटणच नाही.

जेवून आडव्या झालो. डोक्यावरून विमानं जात होती. विमानतळाजवळचं हॉटेल असल्याचा तेवढा पुरावा मात्र शंभर टक्के खरा. झोप मला लागली नाही. आई अंधारात मधेच म्हणाली, "अकराशे चाळीस रुपये." वजाबाकी तिने पूर्ण केलेली होती.

रात्री दीडला खाली आलो. ॲपवर लिहिलेली 'मोफत एअरपोर्ट सोड-आण' सर्व्हिसिंगला गेली होती. रिक्षावाला म्हणाला, जवळचं भाडं आहे, परवडत नाही. ॲपच्याच दुसऱ्या भावंडाने टॅक्सीचे जे मागितले ते मी इथे लिहीत नाही, कारण आई हे वाचणार आहे. काका आधीच गेले होते. वॉचमनने आपल्या ओळखीच्या गाडीत बसवून दिलं म्हणे.

टी-टूच्या रांगेत ते आमच्या पुढेच होते. त्यांची बॅग पट्ट्यावर चढली, आकडा आला २९.९, आणि त्यांनी मागे वळून मला अंगठा दाखवला. मस्कतच्या विमानात आईने त्यांच्याकडून अर्धं केळं खाल्लं.

आता परतीचं विमान मुंबईत रात्री साडेअकराला उतरणार. म्हणजे पुन्हा मरोळ. ह्या वेळी मी शहाणपणाने काल हॉटेलला फोन केला. बोलायचा फोन. काउंटरवरचा तोच मुलगा.

"मॅडम, तीन हजार."

"पंधरासौ में देते हो ना? उस दिन एक अंकल थे, हाफ पँट में, बॅग वजन कर रहे थे."

"अच्छा, वो! वो तो मालिक के गाँव के हैं. उनका अलग है."

फोन ठेवला. म्हणजे 'सरळ हॉटेलात लावायचा, म्हणायचं येतोय' ह्या मंत्रातलं मुख्य अक्षर काकांनी गिळलं होतं. अख्ख्या लॉबीपुढे माझी शोभा करताना त्यांना 'मालक आमचा गाववाला' हे तीन शब्द सुचले नाहीत! मी तावातावाने आईला सगळं सांगितलं. वाटलं, आता तरी ती माझ्या बाजूने बोलेल.

आई खजुराची बी काढत म्हणाली, "मग तुझ्या आजोबांची चुलतबहीण खेडलाच दिली होती की. ते का नाही सांगितलंस त्याला?"