एक बारा बोअर आणि सगळी शिकार?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील बागायतदारांमध्ये सध्या फिरणाऱ्या एका संदेशात तीन दावे आहेत. बारा बोअरची फुल चोक (तोंडाशी जास्तीत जास्त आवळलेल्या नळीची) दुनळी घेतली की रानकोंबड्यापासून रानडुकरापर्यंत सगळे भागते. छर्रे जितके जाड तितके चांगले. आणि शेतीसंरक्षणाचा परवाना असला की डुक्कर पाडायला कोणाला विचारावे लागत नाही.

पहिला दावा अर्धाच खरा आहे. बोअर हे फक्त नळीचे माप. बारा बोअरची नळी साधारण १८.५ मिलिमीटरची असते आणि तिच्यातून बारीक छर्ऱ्यांपासून एकसंध गोळीपर्यंत काहीही उडते. फुल चोकमुळे सुमारे ३६ मीटरवर ७० टक्के छर्रे ७५ सेंटिमीटरच्या वर्तुळात बसतात, तर चोक नसलेल्या नळीतून जेमतेम ४० टक्के. जिथे पक्ष्यांची शिकार कायदेशीर आहे, तिथेही जवळून उडणाऱ्या पक्ष्यासाठी फुल चोक कोणी निवडत नाही, कारण नेम चुकला तर काहीच लागत नाही आणि लागला तर पक्ष्याच्या चिंध्या होतात. एकसंध गोळी तर बंदूक व काडतूस बनवणाऱ्याने तशी मुभा दिल्याशिवाय फुल चोकमधून उडवूच नये.

दुसऱ्या दाव्यात खरी मेख आहे. काडतुसातल्या २८ ग्रॅमच्या भरतीत सहा नंबरचे, म्हणजे बारीक छर्रे सुमारे २७० मावतात, एसजी या जाड छर्ऱ्याचे मात्र आठच. एसजीचा एकेक छर्रा जाड कातडीत खोल जातो हे खरे. पण चोक नसलेल्या नळीतून ३६ मीटरवर वरच्याच ढोबळ हिशोबाने त्या वर्तुळात तीन-चारच पोहोचतात, आणि त्यांतला एखादा डुकराच्या पोटात बसला तर ते करवंदीच्या जाळीत शिरते. त्याच्या मागावर जाणारा माणूस उलटलेल्या डुकराच्या सुळ्यांसमोर सापडतो. शिवाय जाड छर्रा सहाशे मीटरपर्यंतही जाऊ शकतो, सहा नंबरचा दोनशेच्या आसपास थांबतो. आपल्याकडे बागेला लागून वाडी आणि वाडीला लागून पाणंद, त्यातून कातळावर आपटलेला छर्रा कुठे उसळेल याचा नेम नाही.

तिसरा दावा तर सरळ तुरुंगाची वाट दाखवणारा आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ पिकांच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देतो, पण तो बंदूक बाळगण्याचा परवाना आहे. रानडुक्कर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कक्षेत येते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाची नासाडी होत असली तरी कलम ११ नुसार अधिकृत अधिकाऱ्याचा लेखी, कारणांसह आदेश लागतो. जिवावर बेतल्यास सद्भावनेने केलेला बचाव कायदा मान्य करतो, मात्र रात्री मचाणावर बसून वाट पाहणे त्यात बसत नाही. रानकोंबड्याचा तर प्रश्नच नको, त्याची शिकार बंदच आहे.

आदेश हातात असेल, तर पंचवीस-तीस मीटरच्या आतून, उंचावरून खाली मातीच्या दिशेने, आपल्या नळीला मानवणारी एकसंध गोळी वापरावी. आणि तीही मागे घर नाही हे दिवसाउजेडी पाहून ठेवल्यावरच.