आधी रिजेक्शनचा ढीग बघायचा

गेल्या सोमवारी राजीनाम्याचा मेल पाठवला. पुण्यातली मोठी आयटी कंपनी, ११ वर्षांची नोकरी, शेवटची काही वर्षं कोल्हापुरातूनच घरबसल्या काम. आता गोकुळ शिरगावातल्या, मला धरून ९ माणसांच्या एका स्टार्टअपमध्ये जाते आहे.

बातमी फुटल्यापासून फोन सुरू आहेत. निम्मे म्हणतात, "एवढी पक्की नोकरी, बाईमाणसानं कशाला हा उद्योग?" निम्मे म्हणतात, "मानलं तुला, धाडस लागतं." दोघंही मायेनंच बोलतात, पण दोघांनीही हा धाडसाचा मामला धरलाय आणि ते मला मनापासून खटकतंय. सहा महिने मी आणि नवरा रोज रात्री मुलगा झोपल्यावर वही उघडून बसत होतो. त्या वहीबद्दल लिहिते.

त्याआधी आप्पांचं सांगायला पाहिजे. माझे वडील शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते. लाकडातून पॅटर्न घडवायचे, त्यावरून फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, वाळूचा साचा व्हायचा. नव्या फाउंड्रीचं काम आलं की ते आधी तिथं जाऊन यायचे. सुट्टीत कधी कधी मलाही स्कूटरवर पुढं उभी करून शिरोलीला न्यायचे. मालक चहा मागवायचा, कोणकोणत्या मोठ्या कंपन्यांना आपला माल जातो ते सांगायचा. आप्पा चहा संपवायचे आणि म्हणायचे, "जरा मागं जाऊन येतो."

मागं रिजेक्शनचा, म्हणजे ओतताना बिघडलेल्या नगांचा, ढीग असायचा. एकदा त्यांनी त्यातलं एक कास्टिंग उचललं, शर्टाच्या बाहीनं पुसलं आणि माझं बोट धरून त्याच्यावरच्या भोकात घातलं. गुळगुळीत, आतून चकचकीत भोक. "ब्लो होल. वाळू ओली होती, वाफंला बाहेर पडाय वाट मिळाली नाही." त्या ढिगातल्या प्रत्येक नगावर खडूनं तारीख आणि कारण लिहिलेलं होतं. येताना म्हणाले, "ढीग समद्यांकडं असतोय. हा लिहून ठेवतोय. ह्याचं काम घ्यायचं." ढीगच नाही म्हणणाऱ्या मालकाचं काम त्यांनी कधी घेतलं नाही.

दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका स्टार्टअपची ऑफर आली होती. नाव सांगत नाही. शेवटच्या बोलण्यात मी विचारलं, "आत्ताच्या खर्चानं बँकेतले पैसे किती महिने पुरतील?" समोरचा माणूस एकदम गार पडला. म्हणाला, "आम्हाला अशी हिशेबी माणसं नकोत, झपाटलेली पाहिजेत." पुढं त्यांचं बरं झालं की वाईट, हा मुद्दाच नाही. मी घरी येऊन कितीतरी दिवस स्वतःला भित्री समजत राहिले, हा मुद्दा आहे. चार माणसांचं घर चालवणाऱ्या बाईनं साधा प्रश्न विचारला, यात लाजण्यासारखं काय होतं? मला आजही त्याचा राग येतो.

आताची मंडळी फाउंड्रीच्या वाळूवर काम करतात. वाळूतला ओलावा, तिची हवा सोडायची क्षमता, ती बांधून ठेवणाऱ्या बेंटोनाईट मातीचं प्रमाण हे सगळं सतत मोजायचं आणि साचा भरण्याआधीच सांगायचं, की ही वाळू वापरू नका, ब्लो होल येणार. ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. ११ वर्षं मी परदेशातल्या एका बँकेसाठी प्रोग्रॅम लिहिले आणि ते वापरणारा एकही माणूस कधी पाहिला नाही. इथं तो माणूस शिरोलीत आहे, दुपारी डबा खाताना भेटतो.

पण मन भरून आलं म्हणून सही करायची नसते. मशीन शॉपच्या वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या ऑफिसात मी तोच जुना प्रश्न पुन्हा विचारला. कंपनी चालवणाऱ्या मुलानं लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. १४ महिने. तेही तीन फाउंड्रींचं थकलेलं बिल आलं तर, नाहीतर ११. मग विचारलं, "सोडून गेलेले ग्राहक किती?" दोन. एकाचा नंबर त्यानं आपणहून दिला. मी फोन केला. तिथले क्वालिटी मॅनेजर वीस मिनिटं बोलले. धुळीनं सेन्सर चोंदला, चार दिवस कुणी फिरकलं नाही, त्या चार दिवसांत भरलेला माल स्क्रॅपला गेला. सगळं त्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "खरं आहे, चूक आमचीच. त्यानंतर एक माणूस फक्त त्यासाठी शिरोलीत बसवलाय." त्या दिवशी माझं मन तयार झालं.

धंद्याचा धोका आहेच. हे ग्राहक बहुतेक गाड्यांचे सुटे भाग ओततात. ट्रक-ट्रॅक्टरची मागणी घटली की फाउंड्रीतली एक शिफ्ट बंद होते, आणि शिफ्ट बंद झाली की पहिली कात्री अशाच खर्चाला लागते.

आता कागदांचं. ज्यांच्या हातात अशी ऑफर आहे त्यांनी हे सावकाश वाचा. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा साधारणपणे २० माणसांपासून लागू होतो, ग्रॅच्युइटीचा १० पासून. म्हणजे ९ माणसांच्या ठिकाणी दोन्हींची सक्ती नाही. हे मला ११ वर्षं नोकरी करून माहीत नव्हतं! पीएफ द्यायचं त्यांनी आपणहून लेखी मान्य केलं, पण मी विचारलं म्हणून. जुना पीएफ काढून खर्च करू नका, तसाच राहू द्या. नोकरीला ५ वर्षं व्हायच्या आत काढला तर करही बसू शकतो. ग्रॅच्युइटीला साधारण ५ वर्षं सलग नोकरी लागते, त्यामुळे साडेचार वर्षांवर असाल तर जरा दम धरा. आणि कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबरच संपतो. सासऱ्यांना शुगर आहे. नव्या पॉलिसीत आधीच्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून राजीनाम्याच्या आधीच स्वतःची पॉलिसी घेतली.

राहिले ते कंपनीनं देऊ केलेले शेअर, म्हणजे ईसॉप. चार वर्षांत हळूहळू मिळणार, पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर शून्य. घ्यायच्या वेळी आपण भरलेली किंमत आणि त्या दिवसाची किंमत यातला फरक पगार धरून त्यावर कर लागतो, शेअर विकले नसले तरी. हा कर पुढं ढकलायची सवलत काही स्टार्टअपना आहे, पण त्याला नुसती सरकारी मान्यता पुरत नाही, वेगळं प्रमाणपत्र लागतं. ऑफर लेटर आप्पांना दाखवलं. चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून त्यांनी ते पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे शेअर इकायचे कुणाला?"

हाच प्रश्न मी तिथं विचारला होता. उत्तर होतं, "आज तरी कुणालाच नाही." वहीत त्यांची किंमत मी शून्य लिहिली आहे.

आणि आमचा हिशेब. हप्ता २८,५००. घरखर्च, शाळा, औषधं मिळून ४५,०००. एकूण ७३,५००. नवऱ्याचा पगार ४८,०००. उद्या माझा पगार पूर्ण थांबला तर महिन्याला २५,५०० कमी पडतात, वर्षाला ३ लाख ६ हजार. तेवढी रक्कम वेगळी ठेवायला सहा महिने लागले. त्यात दिवाळीची खरेदी गेली, गोव्याची सहल गेली. एफडी झाली त्या आठवड्यात राजीनामा दिला, आधी नाही.

म्हणून सांगते, पोरांना व्यासपीठावरून "रिस्क घ्या, रिस्क घ्या" सांगणाऱ्यांनी जरा जपून बोलावं. मागं उसाची शेती आणि स्वतःचं घर असलेल्याचं धाडस आणि ज्याच्या पगारावर चार माणसं जेवतात त्याचं धाडस एका मापानं मोजू नये. दुसरा थांबला तर तो भित्रा नाही, त्याची एफडी अजून व्हायची आहे. आणि पक्क्या नोकरीचं म्हणाल, तर १९०६ साली शाहू महाराजांनी काढलेल्या मिलमधली नोकरी आमच्या आज्जीच्या लेखी जगातली सगळ्यात पक्की होती. लग्न जमवताना लोक विचारायचे, मुलगा मिलमध्ये आहे का. ती मिल बंद पडली.

नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे. कुणाच्या हातात असं ऑफर लेटर असेल आणि पैशाचं विचारायला संकोच वाटत असेल, तर मला मेसेज करा. प्रश्नांची यादी आणि वहीतल्या त्या पानाचा फोटो पाठवते. संध्याकाळी सातनंतर करा, तोवर हँडओव्हर चाललेलं असतं.