पंढरपूर जिल्हा झाला तर आप्पांचा हेलपाटा वाचंल का?

मागच्या रविवारी दादाचा, म्हणजे माझ्या चुलत भावाचा, करमाळ्याहून फोन आला आणि पाचच मिनिटांत बोलणं नेहमीच्या विषयावर, सोलापूर जिल्हा फोडा, पंढरपूर वेगळा करा. त्याचं म्हणणं सरळ आहे, अकरा तालुके, २०११ च्या जनगणनेत ४३ लाखांच्या वर माणसं, एक कलेक्टर कुठं कुठं बघणार. मी डेन्मार्कमधे आर्हूसला राहतो, इथं बसून बोलणं सोपंय हे मला कळतं, पण हा विषय आमच्या घरातलाच आहे म्हणून लिहितोय.

आमच्या आप्पांचं वय ७४. आमची जुनी जमीन उजनीच्या पाण्यात गेली, बदल्यात जी मिळाली तिच्या कागदात आजोबांच्या नावात चूक राहिलीय, ती दुरुस्त करायला आप्पांचे दोन वर्षांत सहा हेलपाटे झाले, जिल्ह्याच्या ठिकाणी एका कचेरीत. पहाटे उठून जेऊरला रेल्वे धरायची, पिशवीत भाकरी आणि शेंगाची चटणी, कागद सगळे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर रबरबँड, आणि तिथं गेल्यावर उत्तर एकच, साहेब मीटिंगला गेलेत, पुढच्या आठवड्यात या. करमाळ्याहून सोलापूर सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे ओ, त्यापेक्षा आम्हाला नगर जवळ. त्यामुळं दादाचा राग मला शंभर टक्के पटतो.

पण त्याचा उपाय पटत नाही. एकतर करमाळ्याहून पंढरपूर तरी कुठं शेजारी आहे, तेही शंभर किलोमीटरच्या आसपास. आणि जिल्ह्याच्या रेषा आपल्याकडं आधीपण किती वेळा हलल्यात ते बघा. १८३८ ला इंग्रजांनी सोलापूरची कलेक्टरी केली तेव्हा तिच्यात इंडी आणि मुद्देबिहाळ होतं, जे आज कर्नाटकात आहे. १८६४ ला ती मोडली, १८७१ ला परत जुळवली तेव्हा पंढरपूर आणि सांगोला साताऱ्यातून काढून इकडं जोडले, १८७५ ला माळशिरस. अक्कलकोट तर स्वतंत्र संस्थान होतं आणि मंगळवेढा सांगली संस्थानात. म्हणजे जिल्हा फोडू नका असं भावनेनं म्हणण्यासारखं काही नाही, पण इतक्या वेळा रेषा हलवून शेतकऱ्याचा हेलपाटा कधी कमी झाला का, हा माझा प्रश्न आहे.

इथं डेन्मार्कमधे तर उलटंच केलं. १ जानेवारी २००७ ला २७१ नगरपालिका एकत्र करून ९८ केल्या, म्हणजे लोकांसाठी ऑफिस कागदावर लांब गेलं. पण त्याबरोबर कामंही खाली दिली. शाळा, पाळणाघर, म्हाताऱ्यांची देखभाल तर आधीपासूनच नगरपालिकेकडं होती, आणि ह्या सगळ्यासाठी ती स्वतःचा इन्कम टॅक्स लावते, माझ्या उत्पन्नातला जवळजवळ चौथा हिस्सा तिकडंच जातो. मागच्या वर्षी घर बदललं तेव्हा नवा पत्ता मी रात्री जेवण झाल्यावर फोनवरून भरला, कुठल्या खिडकीपाशी उभं राहिलो नाही. आपली झेडपी असा इन्कम टॅक्स लावू शकत नाही, ती मुख्यतः सरकारी अनुदानावर चालते, त्यामुळं डेन्मार्कचं जसंच्या तसं आणा असं मी म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र मला लई लागते. नोव्हेंबर २०२१ ला इथं नगरपालिकेची निवडणूक झाली आणि चार वर्षांनी २०२५ ला परत झाली, ठरलेल्या महिन्यात. काही वर्षं राहिलेल्या परदेशी माणसालापण इथं त्यात मत असतं, मी भारतीय पासपोर्टवर जाऊन मत देऊन आलो. त्याच काळात आपल्या झेडपीची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ तिथं प्रशासक बसला. रस्ता, शाळा, दवाखाना ह्यासाठी ज्याला गावात गाठून जाब विचारायचा तो आपला सदस्यच नव्हता. नव्या जिल्ह्यासाठी घसा कोरडा करणारी आपली माणसं त्या तीन वर्षांत एकदापण तेवढी बोलली नाहीत, आणि मला हे खरंच वाईट वाटतं. नवा जिल्हा म्हणजे अजून एक कलेक्टर, तोही वरून नेमलेला.

आणि हेलपाटा कमी करता येतो, केलेला आहे. पूर्वी सातबाऱ्यासाठी तलाठी कधी सापडतो ह्याची वाट बघायची, आज १५ रुपयात डिजिटल सहीचा सातबारा मी आर्हूसमधून काढतो. त्यासाठी कुठला तालुका इकडचा तिकडं करावा लागला नाही. मग नावातली चूक दुरुस्त करायला करमाळ्याच्या तहसीलला अर्ज द्यायचा आणि तिथंच उत्तर घ्यायचं, हे का जमू नये?

दादाला मी एवढंच सांगितलं, आप्पांना आता एकटं पाठवू नको. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, आपलं काम त्या यादीत आहे का आणि त्याला किती दिवसांची मुदत आहे ते आधी बघ. यादीत असलं तर मुदत उलटल्यावर अपील करता येतं. आणि असो नसो, अर्जाची तारखेसकट पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नको. तो म्हणाला सोमवारी जातो. आप्पांनी रबरबँड काढून सगळे कागद परत एकदा तारखेप्रमाणं लावून ठेवलेत.