बिनविरोध म्हणजे कुणाचा विरोध नाही?

गुरुजी, नमस्कार.

'ग्रामपंचायतीला मत देताना' या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "मतदान करा, जागे व्हा, हे लिहायला काय जातं? निवडणुकीनं भावकी फुटते, पोरं दारूला लागतात. आमच्या गावानं दोनदा बिनविरोध करून दाखवलं, गाव सुखात आहे. आणि बायकांचं म्हणाल तर घरचा माणूस सांगेल तिथंच त्या शिक्का मारतात." शिवाय तुम्ही वीस वर्षं निवडणुकीची ड्युटी केली आहे, म्हणजे उगाच बोलत नाही आहात.

तुमचा राग अर्धा रास्त आहे. तो लेख मी मतदानाच्या टक्क्यावर बेतला, ती माझी चूक. ग्रामपंचायतीला टक्का हा प्रश्नच नसतो, तो 75-80 च्या घरात जातोच. माणसं मत देतात; कशावर देतात, हे विचारायला हवं होतं. भावकीचं तर मी घरातच पाहिलंय. माझे दोन चुलते समोरासमोरच्या पॅनेलमधून उभे राहिले. फरक सतरा मतांचा. पुढची तीन वर्षं सामाईक विहिरीवर पाण्याची पाळी कुणाची, हे एकमेकांना पोरांकरवी कळवायचे.

पण बिनविरोध ठरतं कुठं? आमच्याकडची बैठक मला आठवते. मारुतीच्या देवळात सतरंज्या टाकलेल्या, पुढं चार मोठ्या घरांतली दहा-बारा माणसं, बाकीचे पायऱ्यांवर, चपलांच्या ढिगापाशी. वस्तीवरचा एकजण बोलायला उठला, तर 'तुमचा विषय शेवटी घेऊ' म्हणाले. शेवटी नारळ फुटला. ज्या बाईला सदस्य केलं ती त्या वेळी घरी भाकऱ्या थापत होती. तिला निरोप गेला तो एवढाच, की उद्या तहसीलला सहीला यायचंय. दुसऱ्या दिवशी वस्तीवरच्या दोघांनी अर्ज मागे घेतले. का घेतले, ते कुणी विचारलं नाही, कारण दोघंही त्याच चार घरांच्या रानात कामाला जात होते. गाव सुखात होतं, हे खरंच.

हे टोकाला गेलं की काय होतं ते 2021 च्या जानेवारीत दिसलं. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथं पदांचे लिलाव झाल्याचं समोर आलं आणि राज्य निवडणूक आयोगानं दोन्हीकडची निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. बोलीचा पैसा देवळासाठी होता म्हणे. ग्रामसभेत सगळ्यांदेखत बोलून एकमत झालं, तर मी तुमच्या बाजूनं. मला खुपतात ते मागे घ्यायला लावलेले अर्ज.

आता बायका. आपल्याकडे 2011 पासून निम्म्या जागा त्यांना राखीव आहेत, तरी 'महिला राखीव म्हणजे त्या जागेला फक्त बायकांनीच मत द्यायचं' असं समजणारे पुरुष मला आजही भेटतात. मागच्या वेळी रांगेत माझ्यापुढं एक आजी होत्या. आत गेल्या, बटण दाबलं आणि पदर सावरत बाहेर निघाल्या. अधिकारी ओरडले, "आजी, अजून तीन राहिली!" आजी तिथंच थबकल्या. "मला एकच सांगितलंय." खोलीतले सगळे हसले, मीही हसलो. नंतर लाज वाटली. प्रभागात तीन जागा असतील तर तीन मतं, आणि सरपंच थेट निवडायचा असेल तर चौथं. थेट सरपंच 2017 ला आला, 2020 ला गेला, 2022 ला परत आला. त्या आजींनी हे सगळं कुठून लक्षात ठेवायचं? प्रत्येक जागेला 'नोटा'चं, म्हणजे 'यांपैकी कुणीच नको'चं, बटण असतं, हेही त्यांच्या कानावर कुणी घातलेलं नव्हतं. घरच्यानं एक बटण सांगितलं होतं. उरलेली तीन त्यांची त्यांनाच दाबायची होती, पडद्याआड, जिथं घरचा माणूस नसतो. तुमचं 'सांगेल तिथंच' हे म्हणणं तिथं मला थोडं लटकं पडताना दिसतं.

ऊसतोडीला गेलेल्यांबद्दल मी लेखात एक ओळही लिहिली नव्हती, हे तुम्ही बरोबर पकडलंत. 2021 चं मतदान 15 जानेवारीला होतं, म्हणजे ऐन गाळप हंगामात. फडावरून गावी यायचं तर दोन दिवसांची मजुरी बुडते. मग आणायला गाडी जाते ती कुठल्या तरी पॅनेलची, आणि गाडीत बसल्यावर मत कुणाला ते वेगळं सांगावं लागत नाही. यावर माझ्याकडे तोडगा नाही.

'माहिती घेऊन मत म्हणजे काय, गावात सगळे सगळ्यांना ओळखतात' हा तुमचा मुद्दा मात्र मला पटत नाही. माणूस ओळखीचा असतो, त्याचा हिशोब नसतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनं 2020-21 पासून ग्रामीण स्थानिक संस्थांना केंद्राचा जो निधी मिळाला, त्यातला आपल्या राज्यात 80 टक्के वाटा ग्रामपंचायतीचा होता आणि त्यातलाही बराचसा पाणी-स्वच्छतेलाच बांधलेला. कुठल्या कामावर किती उचलले, ते ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. मी आमच्या गावचं उघडलं, तर एका गटाराचं काम पूर्ण दाखवलेलं. त्या गटारावरून मी रोज उडी मारून जातो. यंदा मत मागायला जो येईल त्याला आधी तिथंच उभं करून बोलणार आहे.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, तुम्हाला माहीत आहेच. आमच्याकडे ती रजिस्टरवरच होते. या वेळी ती खरोखर भरवायचं काही जणींनी ठरवलंय. चार मतं कशी द्यायची, मशीनचा लांब बीप वाजेपर्यंत का थांबायचं, हे त्यांना केंद्राध्यक्ष राहिलेल्या माणसाकडून ऐकायचंय. मी सांगितलं तर त्या म्हणतील, हा लेखवाला. तुम्ही याल का? एसटी सकाळी साडेनऊला आहे, फाट्यावर मी थांबतो.